दुपट्ट्याखाली ठरलेलं नाव

धाकट्या मालकाची तीन बोटं मी मोडली, हे खरं आहे. आष्टीच्या बाजारात, भर दुपारी, शेकडो माणसांदेखत मोडली. वकील म्हणाला होता, झटापटीत मोडली असं सांगा. मी कोर्टात सांगितलं की झटापट नंतर झाली, बोटं आधी मोडली, एकामागून एक. माझ्याबद्दल गावात अजून एवढंच बोललं जातं: हा डोक्याने फिरलेला आहे, पुलाच्या नावापायी यानं माणसाचा हात अधू केला. त्याआधी काय झालं होतं ते कोणी सांगत नाही. ते मलाच लिहावं लागणार.

आमचं गाव नदीच्या अलीकडे आणि आष्टीचा रस्ता पलीकडे. नदी मोठी नाही, पण पात्रात गाळ असा की बंडी उतरली की चाकं निम्मी आत जायची. पावसाळ्याचं सोडाच, दिवाळीनंतरही बैल गाळात बसायचे. तसा बसलेला बैल उठत नाही. लोक त्याला काठीने बडवत, शेपूट पिरगाळत, शेपटीचा चावा घेत. तो डोळे पांढरे करून तिथेच जीव सोडी. गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराचा, मालगुजाराचा, एक डोंगा होता. माणसं आणि पोती त्यातून पलीकडे जात आणि मालगुजाराचा माणूस काठावर उभा राहून प्रत्येकाकडून उतराईचे पैसे घेई. माझा मामा म्हणायचा, गाळ हा मालकाच्या घरचा गडी हाय, फुकट राबते.

आईबाप गेल्यावर सोळाव्या वर्षी मी या मामाकडे आलो. आमच्या मोहल्ल्याला गाव तेव्हा महारवाडा म्हणायचं. मामा अंगाने किरकोळ, बोलणं कमी. त्याची एकुलती एक जोडी त्या गाळात मेली होती. त्यानंतर तो दर उन्हाळ्यात लोखंडी पहार घेऊन पात्र ठोकत हिंडायचा. लोक काठावरून विचारत, "काय शोधून राह्यला बे, बापानं गाडलेला हंडा?" तो म्हणायचा, "माहे बैल शोधून राह्यलो." एका उन्हाळ्यात पहार टणकन वाजली. हातभर गाळाखाली काळा खडक होता, आणि तो या काठापासून त्या काठापर्यंत आडवा गेलेला होता. पिढ्यान्‌पिढ्या लोक त्याच्या दोन्ही बाजूंना बुडत होते आणि कोणाला पत्ता नव्हता.

त्या खडकावर मामाने धोंडे रचायला सुरुवात केली. नऊ उन्हाळे तो धोंडे ओढत होता. मी आलो तेव्हा अर्धं पात्र झालं होतं, उरलेलं आम्ही दोघांनी आणि माझ्या मामेभावाने केलं. शेवटी एक बंडी कोरड्या चाकांनी पलीकडे गेली, मग दुसरी गेली, आणि महिन्याभरात डोंग्यात बसायला माणूस मिळेना.

मग मालगुजाराचे चार लोक आले. म्हातारा मालगुजार स्वतः छत्री घेऊन काठावर उभा होता. मला दोघांनी खाली दाबलं, तोंडात वाळू कोंबली. मामाला त्याच्याच धोंड्यांवर पालथं पाडलं, त्याचा उजवा पाय एका धोंड्याच्या कडेवर आडवा ठेवला आणि वरून दुसरा धोंडा टाकला. सुकं लाकूड मोडतं तसा तो आवाज नव्हता. ओली फांदी पिरगाळून तोडताना होतो तसा, लांबत जाणारा होता. मालगुजार वरून म्हणाला, "आता टाक गोटे." आणि छत्री मिटून घरी गेला. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. वाळू थुंकायला मला दुपार लागली, आणि तिची चव अजून तोंडात येते.

मामा लंगडा झाला, पण रस्ता मोडला नाही. तोवर दहा गावांच्या बंड्या त्यावरून जायला लागल्या होत्या, आणि दहा गावांशी भांडण मालगुजारालाही परवडणारं नव्हतं.

मी त्याच रस्त्याने बैलबाजारात गेलो आणि तिथला दलाल झालो. मला कोणी शिकवलं नाही. दुसऱ्याचे बैल हाकत हाकत दात पाहायला शिकलो, खूर पाहायला शिकलो, आणि विकणाऱ्याच्या गळ्याची हाडं पाहायला शिकलो, कारण खोटा भाव सांगताना ती हलतात. बैलबाजारात भाव तोंडाने ठरत नाही. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरायची. किती बोटं धरली, कोणतं पेर दाबलं, त्यावरून आकडा. भोवतालच्या माणसांना काही कळत नाही. शेवटी मनगट दाबलं की सौदा पक्का. बारा वर्षांत मनगट दाबून फिरलेला एकही माणूस मी पाहिला नव्हता. पक्का दारुडासुद्धा फिरत नसे.

आणि दुपट्ट्याखाली शिवाशिव नव्हती. ज्यांच्या विहिरीकडे मला जाता येत नव्हतं, त्यांची बोटं मी दर आठवड्याला हातात घेत होतो. घरी जाऊन ते आंघोळ करत असतील, नसतील. दुपट्ट्याखाली कोणाचा हात कोणाच्या हातात होता, ते बाजारात कोणी बोलायचं नाही, असा रिवाज होता. मला तो सोयीचा वाटायचा. मी त्यातूनच दोन एकर वावर घेतलं, नदीकाठी, मामाच्या रस्त्याला लागून.

पुलाची पाहणी करायला साहेब आले त्या वर्षी मामा जिवंत होता. साहेबांनी सात जागी पात्र खणून पाहिलं. सगळीकडे गाळ. मामा लंगडत त्यांच्याजवळ गेला आणि म्हणाला, "सायेब, अठी ठोका." ठोकलं तर खडक. साहेबांनी नकाशावर तिथेच रेघ मारली आणि मामाला विडी दिली. त्याच दसऱ्याला आमचा सारा मोहल्ला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. मामाही गेला, एका काठीच्या आधाराने. परत आल्यावर आम्ही कोणालाही वाकून जोहार घालणं बंद केलं. गावाने ते मनात ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यात पायासाठी सुरुंग लावून मामाचे धोंडे उडवले. मामा काठावर बसून बघत होता. त्यानंतर पंधरा दिवसांत तो गेला. मामी रडली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "पुलाले नाव देते म्हणतात ना रे? ह्याचं देजा. बाकी काई नोको मले."

मालगुजारी तोवर सरकारने काढून घेतली होती, म्हातारा मालगुजार मेला होता, पण त्याचा मुलगा सरपंच झाला होता. सारं गाव त्याला धाकटे मालकच म्हणे. पुलाच्या नावाचा ठराव ग्रामपंचायतीने द्यायचा होता, म्हणजे त्याने द्यायचा होता. मी त्याच्याकडे जाणार नव्हतो. पण एक दिवस तोच माझ्या बांधावर आला. पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याची आखणी त्याच्या संत्र्याच्या बागेतून गेली होती.

"साठ झाडं जाते माही," तो म्हणाला. "तुह्या वावरातून वळवली तं तुहं काय जाते?"

"माहं वावर जाते."

"भाव सांग."

"नाव," मी म्हटलं. "पुलाले माह्या मामाचं नाव. ठराव तुम्ही द्या."

त्याने एकदा बागेकडे पाहिलं. मग त्याने स्वतःच्या खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि हात पुढे केला. मी हात दिला. आम्ही माझ्या जमिनीची रुंदी ठरवत होतो, नांगराच्या तासांवर, म्हणजे सऱ्यांवर. त्याने वीस तास धरले. मी दहा. त्याने सोळाचं पेर दाबलं, मी त्याचं बोट झटकलं. "नावाचा भाव हाय हा," तो पुटपुटला. "तुमच्या साठ झाडाचाबी," मी म्हटलं. चौदा तासांवर आलो. त्याने माझं मनगट दाबलं, आणि जोरात दाबलं.

जमीन देण्याच्या कागदावर मी दुसऱ्याच दिवशी सही केली. साहेबांपुढे नावाचा कागद मात्र मागितला नाही. बैलाचा खूर उचलून पाहिल्याशिवाय मी सौद्याला बसत नसे, आणि इथे मी एका मनगटावर विश्वास ठेवला. ते मनगट कोणाच्या मुलाचं आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण दुपट्ट्याखालचा शब्द फिरतो हे माझ्या डोक्यातच येऊ शकत नव्हतं.

पूल झाला. उद्घाटनाच्या दोन दिवस आधी आष्टीच्या बाजारात एक पाथरवट मला म्हणाला, "भाऊ, तुमच्या गावचा दगड मीच कोरला. सकाळीच बंडीत घालून पाठवला. लय मोठी ओळ होती, हात दुखून आला." मी विचारलं, काय कोरलं? त्याने पाठ झालेलं म्हणून दाखवलं. मधे म्हाताऱ्या मालगुजाराचं नाव, आणि त्याखाली: या जागी प्रथम रस्ता काढून गोरगरिबांचे हाल दूर करणारे.

माझ्या कानात सुरुंग फुटल्यासारखं झालं. धाकटा मालक तिथेच बैलांच्या रांगेत होता, एक खोंड बघत. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"मालक, पुलावर कोणाचं नाव?"

"वाचता येते नं तुले आता? परवा वाचून घेजो."

"आपलं ठरलं होतं."

"कवा ठरलं?"

"माह्या बांधावर. तुम्ही मनगट दाबलं."

त्याने भोवताली बघितलं. माणसं जमली होती. तो मोठ्याने हसला. "ऐका हो. हा म्हणते, मी ह्याच्या हातात हात देल्ला! माही बुढी मले घरात घेईन काय?"

हशा झाला. मागून कोणी तरी म्हणालं, "मालक, गोमूत्र आणू का लोटाभर?"

मी त्या माणसांकडे वळलो. त्यातल्या निम्म्यांची बोटं त्याच सकाळी माझ्या हातात होती. पांढऱ्या मिशांच्या एका शेतकऱ्याला मी तासाभरापूर्वी जोडी घेऊन दिली होती. "काका," मी म्हटलं, "सकाळी तुमचा हात कोठी होता? सांगा ना." काका वाकले आणि बैलाचा खूर पाहू लागले. "दादा, तुमचा?" दादांना तंबाखूची आठवण झाली. त्यांना माझ्याबद्दल आकस नव्हता. पण माझ्या बाजूने एक शब्द बोलायचा तर स्वतःच्या हाताबद्दल बोलावं लागलं असतं. धाकट्या मालकाने हे आधीच ताडलं होतं. बारा वर्षं मी हुशार म्हणवून घेत होतो, आणि माझ्याच धंद्यातली ही फट त्याला दिसली, मला दिसली नाही.

"मंग आता साऱ्यांदेखत द्या हात," मी म्हटलं आणि त्याचा उजवा हात धरला. करंगळी आधी मागे वाकवली. तिला फार जोर लागला नाही. तो ओरडला तेव्हा दुसरं बोट, आणि गुडघ्यावर आला तेव्हा मधलं. त्याचा चेहरा माझ्यापासून वीतभर होता, आणि खोटं का सांगू, मला बरं वाटलं.

तोवर त्याच्या गड्यांनी मला गाठलं. एकाने बैल टोचायच्या तुतारीचं लोखंडी टोक खांद्यात खुपसलं, ते हाडाला लागून फिरलं. तोंडावर काठी बसली आणि दोन दात जिभेवर आले. बैल उधळले, माणसं पळाली. आमच्या मोहल्ल्यातले सहा-सात जण बाजारात होते, माझा मामेभाऊ होता. त्यांनी मला ओढून बंडीत टाकलं आणि बैलांना झोडपत गावाकडे निघाले. मी तोंडातलं रक्त थुंकत एकच सांगत होतो, "पुलावर घ्या. घरी नोको, पुलावर."

दगड कठड्यात बसवून झाला होता, वर तरट टाकलेलं होतं. गवंड्यांचा घण तिथेच पडला होता. माझा एक हात उठत नव्हता. मामेभावाने घण घेतला, मी तरट ओढलं. त्याच्या तिसऱ्या घावाला मालगुजाराचं नाव मधोमध तडकलं, पाचव्याला ते पात्रात पडलं. तेवढ्यात धाकट्या मालकाच्या गड्यांच्या दोन बंड्या आल्या. त्यांनी उतरतानाच बंड्यांच्या कडेचे लाकडी दांडे, उभाऱ्या, उपसल्या होत्या.

त्या पुलावरून पहिली जी रहदारी झाली ती ही. कोण कोणाला मारतं ते कळत नव्हतं. अरुंद पूल, पळायला जागा नाही. मी एकाच्या गळ्यात कोपर घालून त्याचं डोकं कठड्यावर आपटत होतो आणि माझ्या पाठीवर कोणी तरी उभारी चालवत होतं. त्यांचा एक गडी कठड्यावरून खाली गेला. पात्र कोरडं होतं, तो सुरुंगाने फोडलेल्या मामाच्या धोंड्यांवर पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. मामेभावाच्या डाव्या डोळ्यात उभारीचं टोक गेलं. तो ओरडला नाही. हाताने डोळा झाकून खाली बसला, आणि बोटांच्या फटींतून जे खाली आलं ते नुसतं रक्त नव्हतं. मग मात्र दोन्ही बाजूंचे हात थांबले.

मला आठ महिन्यांची शिक्षा झाली. त्यांच्यातल्या दोघांना चार-चार. उद्घाटन रद्द झालं; पुढे एक साहेब येऊन गाडी पुलावरून नेऊन परत गेले, तेच उद्घाटन. तुरुंगातून सुटल्यावर मी वर्ध्याला कचेरीत गेलो. कारकून भला होता. त्याने फाइल उघडून दाखवली. "नावावरून डोकी फुटलेल्या पुलाला आता कोणाचंच नाव नाही. दोन्ही बाजूंनी मिळून एका नावाचा अर्ज दिला तर साहेब विचार करतील. एकट्या तुमच्या अर्जाचं काही होणार नाही."

मी मामीला ते सांगितलं. ती म्हणाली, "मंग जा त्याच्याकडे."

गेलो. शिव्या देण्याच्या तयारीने गेलो होतो. धाकटा मालक ओसरीवर बसला होता. त्याची तीन बोटं वाकडी जुळली होती. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि आतून कागद मागवला. डाव्या हाताने, माझ्यासमोर, वळणं चुकत चुकत त्याने माझ्या मामाचं नाव असलेला अर्ज लिहिला आणि खाली सही केली. मी वाचून पाहिला. त्यात खोट नव्हती.

"बापाचं नाव लागत नाई ते नाईच," तो म्हणाला. "तुह्या मामाचं लागू दे. कागद तुलेच देतो. येत्या बाजारी, जठी माही बोटं मोडली तठी, माह्या पायावर डोकं ठेवजो. साऱ्यांदेखत. मंग घेऊन जाजो."

"आन नाई ठेवलं तं?"

"तं चुलीत घालतो. मले काय."

मी आयुष्यात शेकडो सौदे केले आहेत, आणि हा सौदा खोटा नव्हता हे मी सांगू शकतो. त्याच्या गळ्याची हाडं हलली नाहीत. कागद ओसरीवर पडला होता, त्यावर मामाचं पूर्ण नाव होतं, शाई ओली होती. मला फक्त हो म्हणायचं होतं. मी उठलो आणि घरी आलो.

मामी भाकरी थापत होती. मी सांगितलं. तिचा हात थांबला.

"नाई म्हणून आला?"

"मामाचा पाय मोडणाऱ्याच्या पोराच्या पायावर डोकं ठेवू?"

"हो."

"मामी, आपण आता कोणापुढं वाकत नाई. मामाबी नागपूरहून आल्यावर कोणापुढं वाकला नाई."

"त्याचं नोको सांगू मले. त्याचा पाय गेला तई त्यानं हूं केलं नाई, दुसऱ्या उन्हाळ्यात बसून गोटे फोडले. मले वाटलं तू त्याच्यासाठी भांडून राह्यला. तू तं तुह्याचसाठी भांडून राह्यला." तिने तव्यावरची भाकरी उलटली नाही. "तुहं डोकं का सोन्याचं हाय बाबू?"

मी तेव्हा जे बोललो ते इथे लिहीत नाही. तवा मी लाथेने उडवला, निखारे घरभर झाले, तिच्या लुगड्याचा काठ जळाला. ती उठली, काठ विझवला आणि मामेभावाच्या घरी राहायला गेली. पुढच्या बाजाराला मी गेलो नाही. धाकट्या मालकाने कागद चुलीत घातला, असं त्याच्या गड्याकडून कळलं.

आजही मला वाटतं, मी वाकायला नको होतं. चुकीचं नाव कोरून घेणारा तो, मनगट दाबून फिरणारा तो, आणि डोकं माझं खाली जायचं? माझं हे गाऱ्हाणं मी कोणापुढेही मांडायला तयार आहे. पण मामीपुढे मांडायचं राहिलं, कारण ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही. त्याच हिवाळ्यात ती गेली.

आमची मसणवटीची जागा पलीकडच्या काठावर आहे, म्हणून तिला पुलावरूनच नेलं. पुढे उजवीकडे मी, डावीकडे मामेभाऊ. कठड्यात दगड होता तिथला चौकोन सिमेंटने बुजवलेला दिसत होता. मी समोर बघून चालत होतो. तो त्याच्या उरलेल्या डोळ्याने तिकडे बघत होता.

"त्यानं सही केली होती ना रे?" त्याने विचारलं.

"केली होती."

थोडं गेल्यावर त्याने मागच्याला इशारा केला, तिरडीखालचा आपला खांदा काढून घेतला, आणि पूल संपेपर्यंत तो मागे, माझ्यापासून लांब चालला.